खाडा कुणाला कळवायचा?

फोंड्याच्या तीन तरुणांनी एक प्रश्न पाठवला आहे. घरोघरी रोज येणारे दूध, पाव आणि वर्तमानपत्र यांचा हिशेब ठेवणारे ॲप त्यांनी अकरा महिने खपून तयार केले. ओळखीपाळखीतून सहाशे घरांनी ते उतरवून घेतले आणि पहिल्या महिन्यात कौतुकही झाले. मात्र दुसरा महिना संपेपर्यंत ते उघडणारी घरे चाळिसाच्या आत आली. त्यांचे मार्गदर्शक म्हणतात की, ग्राहकांना गुण आणि बक्षिसे द्या आणि बोलणारा एआय सहायक जोडा. हे करावे का, रचनेत नेमके काय चुकले आणि फिका निळा रंग बदलावा का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

गेली बावीस वर्षे मी अशा डिजिटल वस्तूंची रचना करण्याच्याच कामात आहे. आधी पुण्यात आणि आता पणजीत. उत्तर देण्यापूर्वी तुमचे ॲप दहा दिवस माझ्या फोनवर वापरून पाहिले. बक्षिसे देऊ नका आणि सहायकही जोडू नका. जे घर दूध घेतल्याची नोंद करायला कंटाळले, ते त्याच नोंदीबद्दल गप्पा मारायला उत्साहाने येईल असे मानण्याला काही आधार नाही.

तुमची खरी स्पर्धा स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेल्या दिनदर्शिकेशी आहे. कालनिर्णय १९७३ साली निघाले, आणि तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशेब मांडण्याची रीत आपल्या घरांतून इतकी रुजली आहे की ती कुणी कुणाला शिकवावी लागत नाही. डिचोलीला माझ्या सासूबाईंकडे दिनदर्शिकेला दोऱ्याने बांधलेली बोटभर पेन्सिल असते. चौकोनात ‘दू’ लिहून त्यावर फुली मारली की दुधाचा खाडा. ‘पा २’ म्हणजे पाहुणे आले होते, दोन पाव जास्त घेतले. ज्या दिवशी सगळे नेहमीप्रमाणे आले, त्या दिवशीचा चौकोन कोरा राहतो. महिनाभरात त्या चार किंवा फार तर पाच खुणा करतात, आणि एक तारखेला पान उलटले तरी मागच्या महिन्याचा पुरावा मागच्या पानावर शाबूत राहतो.

आता तुमच्या ॲपकडे पाहा. रोज प्रत्येक वस्तूपुढचे हिरवे ‘मिळाले’ बटण दाबावे लागते. तीन वस्तू आणि तीस दिवस म्हणजे नव्वद वेळा बोट टेकवायचे, तेही पाच खुणांत होणाऱ्या कामासाठी. शिवाय बटण दाबायचे राहिले तर ॲप ती वस्तू आलीच नाही असे धरते आणि रात्री नऊ वाजता आठवण करून देते. दोन दिवस दुर्लक्ष झाले की हिशेब खोटा ठरतो, आणि एकदा खोटा ठरलेला हिशेब दुरुस्त करत बसण्यापेक्षा माणूस पेन्सिलीकडे परत जातो. तुम्ही गमावलेल्या बहुतेक घरांचे असेच झाले असावे. म्हणून पहिली दुरुस्ती मुळातच करावी लागेल: वस्तू आली असेच धरून चालायचे, आणि घराने फक्त खाडा किंवा जादा सांगायचे. हे केल्यावर तुमच्या ॲपचे निम्मे पडदे (स्क्रीन) आपोआप गळून पडतील. त्यांचे वाईट वाटून घेऊ नका.

आता दिनदर्शिका कुठे कमी पडते ते शोधायला हवे, कारण तिथेच तुम्हाला जागा आहे. माझ्या मते ती दोनच ठिकाणी अडते. पहिले म्हणजे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घराची आणि विक्रेत्याची गणती जुळत नाही. दुसरे म्हणजे, आपण उद्या गावी जाणार हे दिनदर्शिकेला ठाऊक असते, पण ज्याला कळायला हवे त्याच्यापर्यंत ते वेळेवर पोहोचत नाही. तुम्ही हा दुसरा प्रश्न बरोबर ओळखलात, पण खाडा चुकीच्या माणसाला कळवलात.

हे मला अनुभवाने कळले, म्हणून थोडे सविस्तर सांगते. तुमच्यासारख्याच एका प्रकल्पासाठी मी एका पावसाळ्यात म्हापशाजवळच्या एका पावाच्या भट्टीवर पहाटे जाऊन उभी राहिले आणि उजाडल्यावर एका पोदेरामागून, म्हणजे सायकलवरून घरोघरी पाव देणाऱ्यामागून, स्कूटरने फिरले. सायकलीच्या मागच्या टोपलीवर निळे प्लास्टिक, एक हात दांड्यावर, दुसरा भोंग्यावर, आणि फोन दोन पिशव्यांत गुंडाळून रेनकोटाच्या आतल्या खिशात. तासाभराहून अधिक फेरीत तो फोन एकदाही बाहेर निघाला नाही. निघाला असता तरी उपयोग नव्हता: आजचे पडदे बोटामुळे होणारा विद्युतभारातला बदल ओळखतात, आणि पाण्याचा थेंबही तसाच बदल घडवतो, त्यामुळे ओल्या पडद्यावर बोट एकीकडे आणि फोनला जाणवते दुसरीकडे. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात पहाटे सायकलवर असलेल्या माणसाला फोनवर काही दाबायला सांगणे हा रचनेचा पहिला दोष होता, आणि तो मीच केला होता. खिशात आमची सूचना वाजत होती, ‘घर क्रमांक १७, खाडा’. सतराव्या घरापुढे तो थांबलासुद्धा नाही. फाटकाला पिशवी टांगलेली नव्हती.

ही पिशवी तुम्ही रोज पाहता, म्हणून कदाचित दिसली नसेल. पिशवी असेल तर पाव टाकायचा, नसेल तर पुढे जायचे. तिला चार्जिंग लागत नाही, ती भिजली तरी चालते, आणि वाचता न येणाऱ्यालाही कळते. पोदेराला तुमच्या सूचनेची गरजच नाही. फेरी संपवून आम्ही भट्टीवर परतलो तेव्हा टोपलीत बरेच पाव उरले होते. मालकिणीने ते मोजले आणि मला सुनावले, “पोदेराक सांगून कितें उपेग? पीठ कालच मळ्ळां.” पीठ आदल्या दिवशीच मळले जाते. पूर्वी ते फुगवायला सूर, म्हणजे माडाची ताडी, घालत, आता बहुतेक ठिकाणी यीस्ट असते, पण रात्रभर फुगण्याचा वेळ त्याला द्यावाच लागतो. म्हणजे उद्या किती पाव लागणार नाहीत हे ज्याला संध्याकाळी कळायला हवे तो माणूस भट्टीवर आहे, आणि आम्ही ती बातमी दहा तास उशिरा सायकलस्वाराच्या खिशात वाजवत होतो. दुधाचेही निराळे नाही. वितरकाची मागणी आदल्या दिवशी गेलेली असते.

यावरून तुमच्या उत्पादनाचा आकार मला असा दिसतो. घराने संध्याकाळी ठरावीक वेळेपर्यंत खाडा कळवायचा; त्यानंतरचा खाडा घराच्या खात्यावर, आणि हा नियम पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायचा. मग भट्टीला एकच ओळ जायची: ‘उद्या पाव १३ कमी, पोळी ४ कमी’. घर क्रमांक नकोत, नकाशा नको, आलेख तर मुळीच नकोत. कणकेने माखलेल्या हातांना ती ओळ ऐकता आली तर उत्तम. बाजारातल्या पैसे मिळाल्याचे ओरडून सांगणाऱ्या डबीकडे जरा निरखून पाहा. त्या डबीत स्वतःचे सिम आणि स्वतःची बॅटरी असते, तिच्याकडे पाहावे लागत नाही, आणि विकणारा व घेणारा दोघेही एकाच वेळी तेच ऐकतात, त्यामुळे ‘पैसे गेले’ आणि ‘आले नाहीत’ हा वाद मिटतो. अलीकडच्या दैनंदिन तंत्रज्ञानात इतकी समंजस वस्तू मला दुसरी आठवत नाही, आणि तिला पडदाच नाही.

भाषेकडे तुम्ही फारसे लक्ष दिलेले दिसत नाही. तुमच्या यादीत ‘पोळी’ शब्दापुढे चपातीचे चित्र आहे. पुण्याच्या वाचकाला ते बरोबर वाटेल, पण फोंड्यात भट्टीवरची पोळी म्हणजे कोंड्याचा पोकळ पाव, आणि तुम्ही स्वतः ती रोज खात असाल. तयार चित्रांच्या संचातून ‘पोळी’ शोधली की हे असेच होते. उंडो, काकणां, कात्रे या इथल्या पावांची चित्रे तर कुठल्याच संचात मिळणार नाहीत. भट्टीवर जाऊन पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो काढा. खाड्यासाठी तुम्ही ‘सदस्यता तात्पुरती स्थगित करा’ असे बटण केले आहे. बटणावर ‘खाडा’ एवढेच लिहा.

गोव्याच्या १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वापरालाही मुभा राहिली, पण घरातली परिस्थिती कायद्यापेक्षा गुंतागुंतीची आहे. एका घरात कोंकणी बोलतात आणि पेपर मराठी वाचतात, शेजारच्या घरात कोंकणीच वाचतात पण रोमी लिपीत, आणि पाव घेऊन येणारा तरुण कित्येकदा शेजारच्या राज्यातून आलेला असतो. त्यामुळे भाषा निवडण्याच्या पडद्यावर भाषांची नावे देऊ नका. ‘उद्या पाव नको’ हेच वाक्य तिन्ही रूपांत लिहून ठेवा, ज्याला जे वाचता येईल ते तो दाबेल. विक्रेत्याच्या बाजूला चित्रे आणि आकडे पुरेत. आणखी एक बारकावा: तुमच्या स्वागताच्या पानावर ‘ॲप’ हा शब्द माझ्या जुन्या फोनवर मोडतो, अ वेगळा आणि चंद्र ठिपक्यांच्या वर्तुळावर. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. तुम्ही ते न वापरता अ आणि चंद्र जोडून लिहिले आहे. बदलायला एक मिनिट लागेल. बदलल्यावर मात्र तीन-चार जुन्या, स्वस्त फोनांवर तपासा, कारण तुमचे ग्राहक तिथे आहेत.

मासिक बिल एसएमएसने पाठवण्याचा तुमचा विचार योग्य आहे, फक्त माझी चूक करू नका. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकासाठी मी बिलाचा मजकूर लिहिला होता, ‘स.न.वि.वि.’पासून ‘आपले सहकार्य असेच राहावे’पर्यंत, आणि शुद्धलेखनावर तर माझा फारच जीव. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, पण मजकूर देवनागरीत लिहिला की मर्यादा ७०वर येते, आणि संदेश तुटला की प्रत्येक तुकड्यात ६७च. त्यातही काना, मात्रा, वेलांटी स्वतंत्र मोजली जाते. ‘मिळाले’ आपण तीन अक्षरी म्हणतो, यंत्र सहा मोजते. माझे सुंदर पत्र तीन तुकड्यांत गेले, काही फोनांवर तुकडे उलटसुलट पोहोचले, आणि रक्कम शेवटच्या तुकड्यात होती. लोकांना माझे सहकार्याचे आवाहन मिळाले, पण किती द्यायचे ते कळले नाही. खर्चही तिप्पट झाला. ‘ऑगस्ट: पाव ५८, पोळी २४, खाडे ४. एकूण रु. ४१०.’ एवढा मजकूर पंचेचाळीस जागांत बसतो आणि भांडणाला लागणारी सगळी माहिती त्यात आहे. असा नमुना ट्राय या दूरसंचार नियामकाच्या व्यवस्थेत आधी नोंदवून घ्यावा लागतो, तेव्हा तो आताच ठरवा. नंतर प्रत्येक शब्दासाठी थांबावे लागते.

पैसे घेण्याची सोय करताना फार काही नवे शोधू नका. यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घेण्यास १ जानेवारी २०२० पासून वाव उरलेला नाही, त्यामुळे ‘व्यवहारामागे थोडे आम्हाला’ हा तुमच्या आराखड्यातला स्तंभ खोडून टाका. बिलाच्या चिठ्ठीवर रक्कम आधीच भरलेला क्यूआर छापा. हा चौकोन १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह या कंपनीत वाहनांचे सुटे भाग ओळखण्यासाठी तयार झाला, म्हणजे तेलकट, खरचटलेल्या जागेतच वाढलेला आहे. क्यूआर बनवताना चूक-दुरुस्तीची सर्वांत वरची पातळी निवडली तर सुमारे ३० टक्के भाग खराब होऊनही तो वाचता येतो, सर्वांत खालच्या पातळीवर मात्र ७ टक्केच. ओल्या पिशवीत टाकल्या जाणाऱ्या चिठ्ठीसाठी वरची पातळी घ्या. आणि भोवतीची पांढरी किनार कापू देऊ नका. आतल्या चार बारीक चौकोनांइतकी ती मोकळी जागा वाया जात नाही, क्यूआर कुठे सुरू होतो ते कॅमेऱ्याला तीच सांगते. चौकटीत बसवण्यासाठी ती कातरीने उडवलेली मी बाजारात अनेकदा पाहिली आहे.

आता ज्या गोष्टीने मला तुमचे ॲप वापरताना खरोखर धास्ती वाटली, ती. तुमच्या विक्रेत्याच्या पडद्यावर पुढच्या पंधरा दिवसांचे खाडे घराच्या पत्त्यासह, तारीखवार दिसतात, आणि ती यादी फोनवरून कुणालाही पुढे पाठवता येते. या यादीचे दुसरे नाव बंद घरांची यादी असे आहे. दूध, पाव आणि पेपर तिन्ही दहा दिवस नको म्हणणारे घर रिकामे आहे हे सांगायला गुप्तहेर लागत नाही. दिनदर्शिका ही माहिती स्वयंपाकघराच्या भिंतीआड ठेवत होती. पोदेराला फार तर आजची पिशवी नाही एवढे कळे. तुम्ही तीन स्वतंत्र विक्रेत्यांकडची तुटक माहिती एकत्र केलीत आणि तिला पत्ता जोडलात. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो, आणि मराठी व कोंकणी दोन्ही त्या अनुसूचीत आहेत, ते कराच. पण सूचनेवर सही घेतली म्हणजे जबाबदारी संपली असे समजू नका. भट्टीला बेरीज पुरते, तेव्हा तिला पत्ते देऊ नका. फेरीवाल्याला उद्यापलीकडचे काही दाखवू नका. पाववाल्याला दुधाचा खाडा कळण्याचे कारण नाही. बिल चुकते झाल्यावर तारखा पुसून फक्त आकडा ठेवा. यात तुमचे कष्ट वाचतात, कारण जी माहिती ठेवलीच नाही ती सांभाळावीही लागत नाही.

पैसे कोण देणार, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तुमच्या सादरीकरणातल्या मोठ्या आकड्यांवरून तो मनात आला. २०११च्या जनगणनेत सगळ्या गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती आणि पणजी महापालिकेची चाळीस हजार. बेंगळुरूच्या एखाद्या उपनगरासाठी मांडलेले गणित इथे आणून बसवले तर ते मोडणारच. घरांकडून महिना वर्गणी मिळणार नाही. पेन्सिल फुकट आहे. ज्याचे नुकसान कमी होते त्याच्याकडे मागा, म्हणजे भट्टीकडे आणि वितरकाकडे. त्यासाठी किती जणांनी ॲप उतरवले हे मोजणे सोडा आणि रोज भट्टीवर किती पाव उरतात ते मोजा. राज्याचे स्टार्टअप धोरण २०१७ पासून आहे, इनक्युबेटरही आहेत, तिथे बसायला जागा आणि हिशेबनिसाची मदत मिळाली तर जरूर घ्या. पण तिथल्या सादरीकरण-दिनासाठी उत्पादनाला नवी शेपटे जोडू नका. लहान राज्यात राहण्याचा फायदा असा की तुमचे पहिले शंभर ग्राहक सायकलच्या एका फेरीत भेटतात.

आणि ही फेरी लवकरच करा, कारण चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तुमची परीक्षा घेईल. चवथीला पणजी-फोंड्याची घरे कुलूप लावून मूळ घरी जातात. शहरात दोन-पाच दिवस खाडेच खाडे, आणि गावात एकेका घरी वीस माणसे जमल्याने मागणी दुप्पट-तिप्पट. एकच भट्टी घ्या, तिची तीस घरे घ्या, आणि पंधरा दिवस कोड लिहू नका. प्रत्येक घराला पुठ्ठ्याचे एक कार्ड आणि तुमच्यापैकी एकाचा फोन नंबर द्या. सात वाजेपर्यंत जे खाडे कळतील त्यांची बेरीज करून तुम्ही स्वतः भट्टीवर जाऊन सांगा, आणि सकाळी उरलेले पाव मोजून वहीत लिहा. घरांनी फोन केला, निरोप ठेवला की मुलाला पाठवले, हेही लिहा. पुढे कोणता मार्ग बांधायचा ते त्यावरून ठरेल. मालकीण पाचव्या दिवशी सात वाजून गेल्यावर तुमची वाट पाहू लागली असेल, तर त्या वेळेला वाजणारी डबी तिच्यासाठी बनवा. वाट पाहत नसेल तर तिच्याशेजारी आणखी एक पहाट बसा, मला फोन करण्यापूर्वी.

राहिला निळा रंग. पांढऱ्यावर फिका निळा मजकूर उन्हात दिसत नाही. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील तफावत किमान ४.५ : १ असावी असा सर्वमान्य निकष आहे आणि तुमची त्याहून बरीच कमी भरते. गडद करा.